उंदीर मरतो तेव्हां

कणगींतील जोंधळा फस्त करणारे उंदीर मेले, तर गृहिणीस समाधानच वाटेल. परंतु त्यांचें वाढणें जितकें घातक, तितकेंच त्यांचें एकाएकीं मरणेंही घातक होय, हें सुशिक्षित घरांतूनही पुष्कळदां ठाऊक नसतें.

1896 सालीं मुंबईस मांडवी भागांत प्लेग उद्भवला आणि पुढें तो वऱ्हाडांतही पोहोंचला. उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून शेतांत झोपड्या घालाव्या, ही त्या काळची रीत. तिचें मर्म 1898 सालीं कराचीस सीमाँ या फ्रेंच वैद्यानें प्रयोगानें दाखविलें. रानांतील कित्येक उंदीर प्लेगचे जंतु अंगीं वागवूनही तग धरितात. घरांतील उंदीर मात्र पटापट मरतात. मेलेल्या उंदराचें अंग थंड होतांच पिसवा तें सोडतात आणि दुसरा उंदीर न मिळाल्यास माणसास डसतात.

याचें अलीकडील उदाहरण बीड जिल्ह्यांतील मामला गांवचें. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनीं घरें सोडिलीं; आंत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, ते मरूं लागले, आणि 1994 च्या ऑगस्टांत माणसांस गांठीचा ताप आला, अशी मीमांसा तज्ज्ञांनीं केली.

आमच्या विदर्भांत 2018 च्या पावसाळ्यांत स्क्रब टायफसनें डोकें वर काढिलें. त्याचे सूक्ष्म किडे गवतांत व झुडपांत राहतात आणि रानउंदरांच्या रक्तरसावर पोसतात. येथें उंदीर मरून इशारा देत नाहींत. खूण असते ती रोग्याच्या अंगावर. चावल्या जागीं पुष्कळदां काळी खपली धरते, पण ती वेदनाहीन असल्यानें काखेंत वा जांघेंत सहज दृष्टीआड होते. भाद्रपदांत पत्री व दूर्वा आणावयास मुलें गवतांत शिरतात, तो हाच काळ.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. मेलेल्या उंदरास उघड्या हातानें शिवूं नये. अनेक उंदीर मेलेले आढळल्यास आरोग्य खात्यास कळवावें. प्लेगची शंका असतां आधीं पिसवा माराव्या, मग उंदीर. क्रम उलटल्यास पिसवा माणसांवर येतात. गवतांतून आलेल्या मुलांस स्नान घालून कपडे बदलावे. ताप आल्यास अंग नीट पाहावें आणि गवतांत गेल्याचें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. डॉक्सिसायक्लिनसारखें औषध वेळीं मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो. तापास साधा समजून गमावलेले चार दिवस मात्र कोणतेंही औषध परत आणून देत नाहीं.