साखरेच्या पट्टीसारखी विहिरीसाठी पट्टी

आशाताई बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात आणि यंत्रावर साखरेचा आकडा येतो, हे आपण पाहिलंय. पट्टीवर एक एन्झाइम असतं. त्याची साखरेशी क्रिया झाली की अगदी बारीक वीज वाहते, ती यंत्र मोजतं. पाण्यातलं कीटकनाशक शोधायलाही अशी पट्टी बनवतात, पण तिची रीत उलटी आहे.

आपल्या शरीरात कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. (नाव विसरलात तरी चालेल.) मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की निरोप्याला बाजूला करणं हे त्याचं काम. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं नेमकं तेच बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. दरदरून घाम, तोंडाला लाळ, स्नायूंची थरथर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

हेच एन्झाइम पट्टीवर बसवतात. त्याला तोडायला एक पदार्थ देतात, त्याचे तुकडे झाले की वीज वाहते. आधी स्वच्छ पाण्यात मोजायचं. मग पट्टी विहिरीच्या पाण्यात काही मिनिटं ठेवून पुन्हा मोजायचं. विषानं एन्झाइम जेवढं बंद पाडलं, तेवढी वीज कमी. म्हणजे इथे आकडा घसरला की काळजी.

डोळ्यांना किंवा जिभेला हे कळणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. 30 फूट रुंद विहिरीत 50 फूट पाणी म्हणजे साधारण 10 लाख लिटर. त्यात एक ग्रॅम विष मिसळलं की मर्यादा गाठली. 36 टक्क्यांच्या औषधात तेवढं विष जेमतेम तीन मिलीत असतं, चमचाभरही नाही! आणि आपल्याकडे पंप धुतात कुठे? विहिरीच्याच काठावर.

पट्टी विषाचं नाव मात्र सांगत नाही. इमिडाक्लोप्रिड, ग्लायफोसेट तिला ओळखता येत नाहीत, म्हणून आकडा चांगला आला तरी पाणी शुद्ध असं धरू नका. शिवाय ती साखरेच्या पट्टीसारखी औषधाच्या दुकानात मिळत नाही. तोवर नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. कीटकनाशकाची तपासणी होते का आणि बाटली कोणती हवी, हे आधी विचारा. बाटलीवर तारीख, विहीर, शेवटची फवारणी कधी झाली आणि औषध कोणतं होतं, एवढं लिहा. नाव माहीत असलं तर तपासणाऱ्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं.