सोलापुरी माग आणि संगणकांचा ताफा

सोलापूरची चादर पाहिली नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. या चादरीवरची नक्षी मागावर कशी उतरते, ठाऊक आहे? मागाच्या माथ्यावर जकार्ड नावाचे यंत्र बसवलेले असते. जुन्या धाटणीच्या जकार्डात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. बाण्याच्या प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पट्टी. जेथे भोक असेल तेथले ताण्याचे उभे धागे वर उचलले जातात, नसेल तेथले खाली राहतात आणि मधल्या फटीतून धोटा निघून जातो. फ्रान्समधील लियों शहराच्या जकार्ड या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली.

नक्षी अशी एकदा पट्ट्यांवर उतरली, की शेकडो चादरी तशाच विणता येतात. पण एक उणीव राहते. धागा तुटला, तर ते पट्टीला कळत नाही. तो जोडायला विणकराची नजर लागते. पट्टी आणि नजर ही दोन्ही कामे यंत्राकडेच सोपवता आली तर? आजच्या मोठ्या संगणक-यंत्रणांत नेमके हेच केले जाते.

पंचवीस प्रती

याची गरज कोठे पडते ते पाहू. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल संकेतस्थळांवर लागायचा होता. विद्यार्थी पंधरा लाखांहून अधिक. वेळ झाली, पण संकेतस्थळे उघडेनात. कित्येक तास मुले आणि पालक ताटकळत राहिले.

अशा दिवसाचा भार केवढा असतो, याचा हिशोब करू. समजा, १५ लाख मुलांनी दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, एकेकदा निकाल मागितला. सेकंदाला २,५०० मागण्या झाल्या. निकाल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची एक प्रत सेकंदाला १०० मागण्या पुरवते असे धरले, तर २५ प्रती एकाच वेळी चालू हव्यात. एका संगणकावर पाच प्रती मावत असतील, तर पाच संगणक लागतील.

डबा आणि कर्णधार

आता अडचण अशी, की प्रोग्रॅम एकटा चालत नाही. त्याला इतर लहानमोठे प्रोग्रॅम आणि ठरावीक जुळणी लागते. एका संगणकावर ती असते, दुसऱ्यावर नसते. म्हणून प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान एकाच डब्यात भरून ठेवतात. या डब्याला कंटेनर म्हणतात. न्हावाशेवा बंदरातील लोखंडी कंटेनरसारखाच हा प्रकार: आत काहीही असो, उचलण्याची पद्धत एकच. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या साधनामुळे ही पद्धत सर्वत्र पसरली.

डबे ठेवण्याआधी नव्या संगणकांची तयारी करावी लागते. हे काम अ‍ॅन्सिबलसारखी साधने करतात. कोणत्या संगणकावर काय असावे, याची यादी त्यांना द्यायची. जे नसेल तेवढेच ती बसवतात. म्हणून तीच यादी दुसऱ्यांदा चालवली तरी बिघडत नाही.

असे अनेक संगणक मिळून एक समूह होतो. त्याला क्लस्टर म्हणतात. त्यावर देखरेख ठेवणारी कुबरनेटिस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये जाहीर केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे सुकाणू धरणारा, म्हणजेच कर्णधार.

या कर्णधाराला 'अमुक प्रत तमुक संगणकावर चालू कर' असे सांगत नाहीत. 'पंचवीस प्रती चालू असाव्यात' एवढेच लिहून देतात. घरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पातळी उतरली की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. टाकी भरली की बंद होतो. कर्णधारही सतत तीनच गोष्टी करतो: प्रती मोजतो, लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि फरक असेल तर तो भरून काढतो. पट्टीही तोच वाचतो आणि तुटलेला धागाही तोच पाहतो.

समजा, पाचांपैकी एक संगणक बंद पडला. प्रती वीसच उरल्या. उरलेल्या पाच कोठेतरी चालू करायला हव्यात, पण बाकीचे चारही संगणक भरलेले! म्हणून पाचांची गरज असेल तेथे सहा ठेवतात. स्वयंचलन झाले तरी जागा आधी माणसानेच राखून ठेवावी लागते.

चुकीचे भोक

ही पद्धत सर्व रोगांवर औषध नव्हे. सगळ्या प्रती गुणांची माहिती एकाच कोठारातून आणत असतील आणि तेच तुंबले, तर पंचवीसच्या पन्नास प्रती करूनही उपयोग नाही. उलट कोठारावरची गर्दी वाढेल.

दुसरा धोका मागावरचाच आहे. पट्टीत एक भोक चुकले, तर ती चूक प्रत्येक चादरीत उतरते. माग मुकाट्याने विणत राहतो. तसेच लिहून देताना २५ ऐवजी २ झाले, तर कर्णधार तेवीस प्रती इमानाने बंद करील. म्हणून कसलेले तंत्रज्ञ लिहिलेला बदल दुसऱ्याकडून तपासून घेतात. प्रोग्रॅमची नवी आवृत्तीही आधी एक-दोन प्रतींनाच लावतात आणि बिघाड दिसताच जुनीवर परततात.

यंत्राने हाताचे काम घेतले, डोळ्यांचेही घेतले. काय हवे ते नेमके लिहिण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले, आणि त्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली.

सोडवून पाहा: वरच्या उदाहरणात एकाच वेळी दोन संगणक बंद पडले तरी पंचवीस प्रती चालू राहाव्यात, तर एकूण किती संगणक हवेत? आणि एका संगणकावर पाचाऐवजी चारच प्रती मावत असतील तर?