82,94,400 ठिपके आणि माहीमची ओटी

समजा, 1 जून लागताना मध्यरात्री बाराच्या ठोक्याला कुणी मोजायला बसलं. काय मोजायचं, तर फोर-के टीव्हीच्या पडद्यावरचे ठिपके. सेकंदाला एक, न झोपता, न जेवता, मध्ये चहाला न उठता. पडद्यावर आडव्या रांगेत 3,840 ठिपके आणि अशा रांगा 2,160. गुणाकार 82,94,400. दिवसाचे सेकंद 86,400. भागाकार केला तर बाकी शून्य उरते आणि उत्तर येतं बरोबर 96 दिवस. म्हणजे पालघरजवळच्या माहीमच्या वाड्या पहिल्या पावसाची वाट बघत असतात तेव्हा सुरू झालेली मोजणी 4 सप्टेंबर सरताना मध्यरात्री संपेल. फुल एचडी टीव्ही असता तर माणूस 24 जूनलाच मोकळा झाला असता. एट-के घेतला असता तर पुढच्या वर्षीचा 19 जून उजाडून मावळला असता.

दिवाळीच्या तोंडावर माहीमहून पालघरला किंवा बोईसरला टीव्ही बघायला गेलेल्या माणसापुढे दुकानदार असले आकडे ठेवतो आणि माणूस दबतो. आकडे खरेच असतात. पण त्यातला कुठला आपल्या घरात लागू पडतो, हे खोक्यावर छापलेलं नसतं.

आधी घरात येतं काय, ते बघू. दूरदर्शनच्या फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या जुन्या एसडी दर्जाच्या. त्यांची चौकट पुरेपूर धरली तरी 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. हे मोजायला 1 जूनला बसलेला आपला माणूस 5 जूनच्या संध्याकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी उठेल, मालिका सुरू व्हायच्या वेळेला. आता 82,94,400 ला 4,14,720 ने भागा. पुन्हा बाकी शून्य, उत्तर 20. म्हणजे फोर-के पडद्यावर फ्री डिश लावली की दर 20 ठिपक्यांतला 1 सह्याद्री वाहिनीने पाठवलेला असतो आणि उरलेले 19 टीव्हीतली चिप अंदाजाने भरते. केबलची किंवा डीटीएचची एचडी वाहिनी घेतली तरी 4 पैकी 3 ठिपके टीव्हीच्याच मनचे. चांगली चिप हा अंदाज सुरेख करते, स्वस्त चिप चेहऱ्यांना मेण फासते. महागड्या टीव्हीच्या किमतीत या अंदाजाचाही वाटा असतो. दुकानात मात्र तो दिसत नाही, कारण तिथे फुलपाखरांचा आणि बर्फाळ डोंगरांचा अस्सल फोर-के व्हिडिओ लावलेला असतो. तिथे अंदाज बांधायची वेळच येत नाही.

चित्रासाठी झगडणं माहीमला नवीन नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारण 71 किलोमीटरवर जमिनीला टेकते आणि पुढे आभाळात निघून जाते. मुंबईचं माहीम वरळीपासून चार-पाच किलोमीटरवर. पालघरचं माहीम सरळ रेषेत 70 च्या आसपास, म्हणजे नेमकं त्या काठावर. अँटेना 9 मीटर वर चढवला की हिशेबाने आणखी 12 किलोमीटरची पोच मिळते. काठावरच्या गावाला चित्र मिळायचं ते पाईपच्या उंचीवर. पडद्याच्या इंचांना त्यात फारसा वाव नव्हता.

आता डोळा. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांचं जुनं माप. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याच हिशेबावर बेतलेला असतो. माहीमच्या किनाऱ्यावरून दिसणारा पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा. म्हणजे या मापाने तो 30 ठिपके रुंद, आणि अख्खं बिंब धरलं तर 700 च्या आसपास ठिपके. एवढ्यात आपल्याला त्यावरचा ससाही दिसतो.

हेच माप टीव्हीला लावू. 43 इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद. फुल एचडीत त्याचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा भरतो. साडेपाच फुटांपलीकडे बसलं की तो ठिपका सुटा दिसत नाही. त्याच आकाराच्या फोर-के पडद्याचे ठिपके सुटे बघायचे तर पावणेतीन फुटांवर यावं लागेल, म्हणजे आईने ओरडावं इतकं जवळ. 55 इंचाला हीच अंतरं सव्वासात फूट आणि साडेतीन फूट. 55 इंची एट-के टीव्हीचा पुरता मोबदला वसूल करायला पडद्यापासून पावणेदोन फुटांवर बसा. मग कडा बघायला मान फिरवावी लागेल, ती गोष्ट वेगळी.

डॉक्टरांचं माप जरा ढिलं आहे, हेही सांगायला हवं. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनीच्या संशोधकांनी 2025 मध्ये केलेल्या मोजणीत डोळा 60 च्या जागी 94 ठिपके दर अंशाला ओळखू शकतो, असं निघालं. हे कडक माप लावलं तर 43 इंची फुल एचडीची हद्द पावणेनऊ फुटांवर जाते आणि 55 इंचीची सव्वाअकरावर. जुन्या कौलारू घराच्या ओटीवर टीव्ही एका भिंतीला आणि खुर्च्या समोरच्या भिंतीला असतील तर मधे 10 फूट सहज भरतात. तिथे 43 इंचांत फुल एचडी आणि फोर-के यांचा फरक कडक मापानेही शून्य. 55 इंचांत थोडा दिसेल, तोही तरुण डोळ्यांना. आजोबांची नजर 6/12 वर आली असेल तर सगळी अंतरं निम्मी करा. त्यांना फोर-के दाखवायचा एक मार्ग मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधून जातो.

खरं तर ठिपक्यांचा वाद आता शिळा झालाय.  43 इंचांचे साधे टीव्हीसुद्धा बहुतेक फोर-केच येतात. जास्तीचे पैसे मागितले जातात ते दुसऱ्या गोष्टींसाठी.

पहिली म्हणजे रंग. 8 बिटचा पडदा 1,67,77,216 रंग दाखवू शकतो आणि 10 बिटचा 1,07,37,41,824. पावणेदोन कोटींच्या आतून एकदम 107 कोटी. यातले बहुसंख्य रंग शेजारी ठेवले तरी माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत. फायदा होतो तो संध्याकाळच्या आभाळात. 8 बिटवर तिथे पट्टे पडतात, 10 बिटवर रंग विरघळत जातो. क्यूएलईडीतला ‘क्यू’ म्हणजे क्वांटम डॉट, काही नॅनोमीटरचा कण. माणसाचा केस 80,000 नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, तेव्हा असे हजारो कण त्याच्या रुंदीवर शेजारी शेजारी मावतील. कण जितका लहान तितका प्रकाश निळ्याकडे, मोठा तितका लालकडे. या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळालेली वस्तू भिंतीवर टांगता येते, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

दुसरी गोष्ट वेग. गोलंदाजाने ताशी 140 किलोमीटरने चेंडू टाकला तर तो सेकंदाला 39 मीटर जातो. प्रक्षेपण सेकंदाला 50 चित्रांचं, त्यामुळे दोन चित्रांच्या मधे चेंडू 78 सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. महाग टीव्ही सेकंदाला 100 किंवा 120 चित्रं दाखवतो. पण मधली चित्रं स्टेडियममधून आलेलीच नाहीत; चेंडू मधे कुठे असेल याची ती टीव्हीने केलेली अटकळ असते. आयपीएलच्या 2023 ते 2027 च्या 410 सामन्यांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले, सामन्याला 118 कोटी. दोन्ही डाव पूर्ण झाले तर चेंडूला 49 लाख. एवढा महाग चेंडू आणि निम्मा प्रवास अटकळीचा! व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा घरात असेल तर हिशेब बदलतो, कारण गेमचं यंत्र खरोखरच 120 चित्रं पाठवू शकतं.

इंटरनेटवरचं फोर-के ही आणखी वेगळी कथा. सेकंदाला 24 चौकटींचा सिनेमा कच्च्या स्वरूपात पाठवायचा तर दर सेकंदाला 477 कोटी बिट लागतील. सिनेमा दाखवणारं ॲप पाठवतं साधारण दीड कोटी. 318 पैकी 1 भाग घरी पोचतो आणि बाकीचं गणिताने उभं करायचं. हा दीड कोटींचा ओघसुद्धा तासाला पावणेसात जीबी खातो. मोबाइलचं रोज 2 जीबीचं रिचार्ज असेल तर 18 मिनिटांत संपेल. सिनेमात नायिकेची एन्ट्री व्हायची असेल अजून. फायबर घरापर्यंत आला नसेल तर फोर-केचे पैसे भिंतीवर नुसते टांगून ठेवल्यासारखे.

मग महाग टीव्हीत खरंच विकत काय मिळतं? माझ्या मते अंधार. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागचा दिवा काळ्या जागेतूनही थोडा झिरपतो आणि रात्रीचा प्रसंग राखाडी होतो. मिनी एलईडीत मागचे दिवे गटागटाने मंद होतात. 500 गट असले तरी एका गटाच्या हुकमात जवळपास 16,589 ठिपके येतात, म्हणून काळ्या पडद्यावर पांढऱ्या नावांभोवती धुकं दिसतं. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो: गट 82,94,400. हा फरक दहा फुटांवरून दिसतो, आजोबांनाही दिसतो.

पण दिवे बंद असतील तर. माहीमच्या ओटीवर दुपारी दार-खिडक्या सताड उघड्या असतात. पडद्यावर 300 लक्स उजेड पडतो आणि पडदा त्यातला 5 टक्के परत फेकतो असं धरलं, तर काळा रंगच 5 निटचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) होऊन बसतो. 300 निटच्या साध्या टीव्हीचं उजेड-काळोखाचं प्रमाण मग 60 ला 1. खोक्यावर 10 लाखाला 1 लिहिलेलं असलं तरी दुपारच्या ओटीवर 60 च. 1,000 निटचा महाग टीव्ही आणला तर 200. डोळ्यांना सव्वातीनपट निट सव्वातीनपट वाटतही नाहीत, साधारण दीडपट वाटतात. त्याआधी 400 रुपयांचा जाड पडदा खिडकीला लावून बघायला हरकत नाही.

आकाराची गोष्ट मात्र साधी आणि खरी. 43 वरून 55 इंच म्हणजे ऐकायला 12 इंच, पण क्षेत्रफळ साडेपाच चौरस फुटांवरून 9 वर जातं, 64 टक्के जास्त. 32 वरून 65 वर उडी मारली तर चौपट. पडद्याने नजरेचे 30 अंश व्यापावेत, असं सिनेमाच्या तंत्रज्ञांचं एक माप आहे. दहा फुटांवरून 43 इंच 18 अंश भरतो, 55 इंच साडेबावीस, आणि पुरे 30 भरायला 74 इंच लागतात. दहा फुटांच्या ओटीवर 43 इंची उंची माल घेण्यापेक्षा त्याच पैशात 55 इंची मध्यम घ्यावा, असं मी बेलाशक म्हणेन.

पैशांचं गणित करू. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 64,000 ला पडणारा टीव्ही 59,000 ला यायला हवा. साधा टीव्ही 28,000 चा आणि चांगला 58,000 चा धरू. रोज 5 तास आणि 8 वर्षं म्हणजे 14,600 तास. जास्तीचे 30,000 तासाला 2 रुपये 5 पैसे पडतात, चार जण बघत असतील तर माणशी 51 पैसे. हे गणित विक्रेत्याला फार आवडतं आणि म्हणूनच मी त्याला घाबरतो: याच हिशेबाने 3 लाखांचा टीव्हीही तासाला साडेवीस रुपयांत बसतो आणि स्वस्त वाटू लागतो. उलट बाजूने, महिन्याचं 300 रुपयांचं रिचार्ज 8 वर्षांत 28,800 गिळतं, एक अख्खा साधा टीव्ही, आणि त्याबद्दल कुणी घरात बैठक घेत नाही.

विजेचा भार तितका नाही. मोठा टीव्ही 120 वॅट, लहान 70 वॅट आणि युनिट 10 रुपये धरलं तर तासाला 50 पैसे जास्त. माहीमच्या उत्तरेला तारापूरला 540 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत, 2005 आणि 2006 मध्ये सुरू झालेल्या. त्यातली एक पूर्ण क्षमतेने चालली तर 120 वॅटचे 45 लाख टीव्ही एका वेळी पेटतील. पालघर जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 30 लाखांच्या आत; माणशी दीड टीव्ही लावूनही दुसरी भट्टी मोकळी राहील.

तेव्हा टेप घेऊन आधी ओटी मोजावी. फ्री डिश, दुपारच्या मालिका आणि सात फूट भरत असतील तर 43 इंची साधा घ्यावा आणि उरलेल्या तीस हजारांचं दुसरं काहीही करावं. फायबर आलाय, रात्री जेवणं उरकल्यावर दिवे मालवून सिनेमे बघितले जातात आणि दहा फूट भरतात, त्या घराने 55 इंची मिनी एलईडीचा भाव विचारावा, आणि दुकानदाराला सांगावं की फुलपाखरं बंद करून फ्री डिशवरची एखादी मालिका लावून दाखवा.