कॅन्सर बरा झाला, पण पुढे काय?

कॅन्सर म्हणजे मरण, ही समजूत आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेवर सापडला, उपचार पुरे झाले, तर माणूस बरा होतो आणि पुढे अनेक वर्षे जगतो. शस्त्रक्रियेचा, केमोथेरपीचा, किरणांच्या शेकाचा खर्च सरकारी योजनेतून भागू लागला आहे. ही समाधानाची गोष्ट आहे.

पण डॉक्टरांनी "आता घरी जा, तीन महिन्यांनी दाखवायला या" असे सांगितले की त्या कुटुंबाची दुसरी लढाई सुरू होते. आम्हाला आज त्याच दुसऱ्या लढाईबद्दल लिहायचे आहे. माणसाला मरणाच्या दारातून परत आणले, आणि मग त्याला रोजगाराविना, वाचेविना, औषधाविना घरात बसवून ठेवले, तर आरोग्य धोरणाचे काम अर्धेच झाले असे आम्ही म्हणतो.

बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे नव्हे

तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर कष्टकऱ्यांच्या घरात फार. ज्याच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, शेक झाला, त्याचे तोंड पुष्कळदा दोन बोटांइतकेही उघडत नाही. लाळ आटते, दात किडतात, भाकरी गिळत नाही. मानेवर शेक घेतलेल्यांची थायरॉईड ग्रंथी पुढे मंदावू शकते. ती वेळोवेळी तपासावी लागते. कोणाचे स्वरयंत्रच काढावे लागते आणि मग बोलणे नव्याने शिकावे लागते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या भगिनींच्या हाताला सूज येऊ शकते. ज्या हाताने धुणीभांडी करायची, टोपली उचलायची, तोच हात जड होतो. अनेकींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षे रोज घ्यावी लागते. ती मध्येच सोडली तर रोग परतण्याचा धोका वाढतो. गर्भाशयाच्या मुखावर शेक घेतलेल्यांना लघवीचे, शौचाचे त्रास पुढे उद्भवतात. पाळी अकाली जाते. लाजेपायी त्या कोणाला सांगत नाहीत.

आणि तपासणी? तोंड व गळ्याच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा दाखवावे लागते. रोजंदारीवाल्याच्या घरात प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते. मग खेप चुकते, आणि चुकलेल्या खेपेतच रोग पुन्हा डोके वर काढतो.

योजना कोठे थांबते?

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ साली ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्या पहिल्या यादीत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुराव्याच्या सेवाही होत्या. म्हणजे उपचारानंतरही पैसा लागतो, हे सरकारने तत्त्वतः मान्य केलेलेच आहे. २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यावर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला आहे. पण गोळी पाच वर्षांची आणि संरक्षण पंधरा दिवसांचे, हा हिशेब कसा जुळावा?

क्षयरोगाकडे पाहा. त्या रुग्णाला औषध फुकट मिळते, आशाताई घरी येऊन चौकशी करतात. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, २०२४ साली ते १,००० झाले. सरकारला मनात आणले तर रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचता येते, याचा हा पुरावाच आहे. कॅन्सरच्या बाबतीत तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीवर करण्याचा कार्यक्रम आहे. तो चांगलाच आहे. पण रोग शोधून काढणारा हात बरा झालेल्याच्या पाठीवरही फिरला पाहिजे.

हे अशक्य नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालकर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ सालीच स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्या मुलांची वाढ, हृदय, शिक्षण, मन यांकडे तेथे पुढील काळात लक्ष दिले जाते. जे एका रुग्णालयाला जमले ते राज्याच्या धोरणात का येऊ नये?

कागदावर जे आहे ते पदरात पाडून घ्या

नवे मागण्याआधी, आज जे मिळते तेही आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून माता-भगिनींनी पुढील गोष्टी वाचून, कापून जपून ठेवाव्यात.

प्रवास : केवळ उपचारासाठीच नव्हे, तर नंतरच्या तपासणीसाठी जातानाही कॅन्सर रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत आहे. स्लीपर वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या राखीव डब्यात कॅन्सर रुग्णांनाही बसता येते. एस.टी.तही सवलत आहे. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांचा मोठा आधार आहे.

नोकरी व पगार : कारखान्यात, कंपनीत ई.एस.आय. कापला जात असेल तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षे सलग विमा असलेली नोकरी झाली असल्यास, पुढे ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षे भत्ता मिळू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. हा हक्क आपण न वापरता सोडून देणे बरे नव्हे.

अपंगत्व : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वरयंत्र काढल्याने गेलेली वाचा त्यात स्पष्टपणे धरली आहे. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गमावलेलाही त्यात येतो. सरकारी रुग्णालयातून ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की सवलतींचे दार उघडते. याच कायद्याचे कलम २० सांगते की सरकारी, निमसरकारी, महापालिकेच्या नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या माणसाला काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. सफाई खात्यातल्या आपल्या बांधवांनी दबावाखाली राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी हे कलम युनियनकडून समजून घ्यावे.

निराधार अनुदान : संजय गांधी योजनेत कमावू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील कॅन्सर रुग्णाला २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळू लागले. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये ठेवलेली आहे, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत! घरात एकजण नाक्यावर उभा राहून चार दिवस काम करत असेल, तरी ते कुटुंब प्रामाणिकपणे या अटीत बसत नाही.

आपल्या मागण्या

संविधानाच्या ४१ व्या कलमात आजारपण व अपंगत्व आल्यास सार्वजनिक साहाय्याची तरतूद राज्याने करावी असे म्हटले आहे. ४७ वे कलम लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. त्या आधारावर आमच्या मागण्या अशा :

१) उपचार संपताच प्रत्येक रुग्णाला मराठीत एक कागद मिळावा. काय उपचार झाले, पुढे कोणत्या तारखांना दाखवायचे, कोणते लक्षण दिसताच धावत यायचे, हे त्यावर असावे.

२) केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. तेथे आठवड्यातील एक दिवस बऱ्या झालेल्यांच्या तपासणीसाठी राखावा, म्हणजे चंद्रपूरच्या, नांदेडच्या माणसाची मुंबईची प्रत्येक खेप वाचेल.

३) नंतरच्या गोळ्या, तपासण्या, हाताचा व जबड्याचा व्यायाम, बोलण्याचे शिक्षण हे सारे किमान पाच वर्षे योजनेत धरावे.

४) निराधार अनुदानाची उत्पन्नाची अट आजच्या मजुरीला धरून वाढवावी.

५) कंत्राटी कामगाराला उपचारानंतर कामावर परत घेण्याची सक्ती ठेकेदारावर असावी. ज्याला कायम नोकरी नाही त्याला कलम २० चा आधार पोहोचत नाही, आणि आज आपली निम्मी पोरे ठेकेदाराकडेच राबतात.

घरातले धोरण

सरकारकडे बोट दाखवताना घराकडेही पाहू. कॅन्सर हा एकाच्या ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने दुसऱ्याला होत नाही. तरीही रुग्णाचा पेला-ताट वेगळे काढले जाते, आई आजारी होती म्हणून मुलीच्या सोयरिकीत अडथळे आणले जातात. हा प्रकार आपल्या घरात तरी होता कामा नये. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्याएवढे दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

बऱ्या झालेल्या माणसाने तंबाखू-मिश्रीला पुन्हा हात लावू नये. दुसरा कॅन्सर होण्याचा धोका त्याला अधिक असतो. आणि त्याच्या देखत घरातल्या इतरांनीही पुडी फोडू नये. तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. महिला मंडळांनी वस्तीतील अशा रुग्णांची यादी करावी, तरुणांनी आळीपाळीने सोबत जावे, अर्ज भरून द्यावेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पाठपुराव्याबद्दल विचारावे. नाही म्हटले तर १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर फोन करावा.

येत्या रविवारी आपल्या विहारात, मंडळात हा लेख मोठ्याने वाचा. वस्तीत असे किती जण आहेत ते मोजा, त्यांची कागदपत्रे गोळा करा आणि सगळ्यांचे अर्ज एकत्र घेऊन तहसीलदारापुढे उभे राहा. एकटा रुग्ण रांगेत दमतो. वस्ती सोबत गेली की साहेबाला मान वर करून पाहावेच लागते.