काच रंग पीत नाही

शंभर-सव्वाशे रुपयांचा काचेचा फ्लॉवरपॉट हातात घेऊन त्याच्या अंगावरून अंगठा आडवा फिरवला, की एका जागी बारीकशी उभी रेघ लागते. डोळ्यांना ती चटकन दिसत नाही, बोटाला मात्र कळते. बरोबर समोरच्या बाजूला तशीच दुसरी. साचा दोन फाळक्यांचा असतो, ती मिटतात तिथे काचेवर शिवण राहते. महागाच्या फुलदाणीत ती घालवण्याची मेहनत घेतलेली असते, स्वस्तात ती तशीच आपल्या घरी येते. सोबत तळाशी कमी-जास्त जाडी, अंगात एखादा बुडबुडा आणि जरा तिरकी बसलेली कड. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, स्टीलच्या डब्या-पातेल्यांच्या गराड्यात, असे पॉट रद्दीत गुंडाळून मिळतात. गावाची ओळख स्टीलच्या भांड्यांची. काचेचा स्वस्त माल बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचा.

आमच्या मीरा रोडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू असले पॉट आणून रंगवतात. त्या गिरगावातल्या चाळीतून इकडे आल्या. चाळीत फुलदाणी ठेवायला सपाट जागाच नव्हती, म्हणतात. इथे खिडकीच्या ग्रिलमध्ये चांगला हातभर कट्टा मिळाला आणि पश्चिमेचं ऊनही. पॉट घेताना दुकानदारासमोरच त्या अंगठा फिरवून शिवण शोधतात. शिवण नसलेला शोधत असतील, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. शिवण सरळ आहे का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. कारण चित्राची सुरुवात तिथूनच होते: शिवणीवर निशिगंधाची दांडी.

लाकूड, मडकं, कापड, कॅनव्हास ही सगळी थोडाफार रंग पितात. काच पीत नाही. रंग तिच्या पाठीवर नुसता बसून राहतो आणि मध्ये बोटाचा तेलकट ठसा आला तर तेवढाही बसत नाही. त्यामुळे अर्धं काम मोरीतच होतं. भांड्यांच्या साबणाने धुवायचं, निथळायचं, सुती फडक्याने कोरडं करायचं आणि मग केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्यायचं. त्यानंतर बाहेरून हात लावायचा नाही. काकू पॉट धरतात तो आतून, चार बोटं तोंडातून घालून ताणून. पाहुण्यांची लहान मुलं आली की या टप्प्यावरचे पॉट फ्रिजच्या डोक्यावर जातात.

रंग दोन जातींचे. एक द्रावकातले, उग्र वासाचे, झळझळीत, थिनरने पातळ होणारे. दुसरे पाण्यातले, वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो. बंद फ्लॅटमध्ये पहिले वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे; डोकं दुखतं आणि शेजारचेही बेल वाजवतात. काकू पाण्यातलेच घेतात. नेहमीचा अ‍ॅक्रिलिक रंगही चालतो, पण तो अपारदर्शक. काचेवर अपारदर्शक रंग भरभरून लावायचा, तर मग काच घेतलीच कशाला? मडकं स्वस्त पडलं असतं.

खरा कस आउटलायनरचा. ही एक लहानशी ट्यूब, टोकाला बारीक नळी. हातात मेंदीच्या कोनासारखीच धरायची, पण मेंदीचा हात असलेल्या मुली इथे पहिल्यांदा हमखास फसतात, कारण तळहात सपाट धरता येतो आणि पॉट गोल असतो. काकू आधी कागदावर काढलेली नक्षी पॉटच्या आत उभी करतात, कागद काचेला चिकटून बसावा म्हणून मागे जुनं फडकं कोंबतात. नळीचं टोक काचेला टेकवत नाहीत. केसभर वर धरतात, हलका दाब देतात, आणि दोरा सुटावा तसा रंग खाली सोडतात. हात वळवत नाहीत, पॉट वळवतात. प्रत्येक वेळी सुरुवातीला नळीच्या तोंडाशी गुठळी येते, ती शेजारच्या चिंधीवर पुसून मगच पुढची रेघ. रेघ कुठेही उघडी राहता कामा नये. पानाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढी फट राहिली, तरी हिरवा रंग तिथून पळ काढतो. वाकडी गेलेली रेघ ओली असताना पुसायला गेलं की डाग पसरतो. वाळू द्यायची आणि ब्लेडने खरवडायची, अलगद निघते.

रेघा वाळल्या की भरणं. उभ्या पॉटवर रंग ओघळतो, म्हणून पॉट आडवा करायचा. आडवा पॉट गडगडतो. त्यावर काकूंचा उपाय म्हणजे चुंबळ. जुन्या ओढणीची दोन चुंबळी वळतात, एक तळाखाली, एक मानेखाली, आणि पॉट तिथे निवांत पडून राहतो. ब्रशने रंग घासायचा नाही, थेंब ठेवायचा आणि टोकाने कडेपर्यंत नेऊन सोडायचा. कमी पडला तर वाळल्यावर ब्रशचे ओरखडे दिसतात. जास्त झाला तर पॉट फिरवताना रेघ ओलांडतो. बुडबुडा आला तर टाचणीने फोडायचा. वर येणारी दोन-तीन पानं भरून झाली की काम थांबलं. पॉट फिरवायचा तो रंग हलायचा बंद झाल्यावरच.

इथे आमच्या गावाची हवा आडवी येते. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असणं रोजचंच. पाण्यातला रंग वाळतो तो त्यातलं पाणी हवेत गेल्यावर, आणि हवाच आधी तुडुंब असेल तर ते जाणार कुठे! उन्हाळ्यात तीन-चार तासांत फिरवता येणारा पॉट जुलैत रात्रभर तसाच ठेवावा लागतो. पंखा पूर्ण वेगाने लावला तर धूळ आणि केस येऊन चिकटतात. काकू त्यावर वेताची दुरडी पालथी घालतात. हवा खेळते, केस अडतात.

“अगं, बोट लावून बघू नकोस, वाळलाय म्हणून सांगते ना मी,” असं त्या मला म्हणाल्या, तेव्हा माझं बोट अजून दुरडीपाशीही पोचलं नव्हतं.

मराठी माणसाने काचेत याहून मोठे डाव खेळलेले आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा केलेला पैसाफंड, त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, आणि त्या फंडातून 1908 मध्ये तळेगावला निघालेला काच कारखाना. 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना आला, पुढे कऱ्हाडजवळ त्याची ओगलेवाडीच झाली, आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाने कितीतरी घरांतल्या रात्री उजळल्या. त्याच तळेगावच्या आसपास आज पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतात. म्हणजे एके काळी तळेगावने काच दिली, आता त्या काचेत ठेवायला फुलं देतं. कंदिलाची काच मात्र कुणी रंगवत नसे. तिच्याकडून उजेड हवा होता, आणि काचेची नक्षी जोखायला मला आजही तेच माप पुरेसं वाटतं.

म्हणून सध्याची सजावट मला रुचत नाही. बुडापासून कडेपर्यंत सुतळी गुंडाळायची, वर लेस, लेसवर मोती, मोत्यांवर चमकी. अशा पॉटमध्ये काच असली काय नि पत्रा असला काय. सुतळीला पाणी लागलं की पंधरवड्यात कुबट वास येतो, तो वेगळाच. खालच्या दोन बोटांपुरता सुतळीचा पट्टा शोभतो. देठांचा सडका भाग झाकला जातो, आणि टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने आत उमटणारी पांढरी रेघही.

धुरकट काच आवडणाऱ्यांसाठी बाजारात काच खाणारं क्रीम मिळतं. त्यात फ्लोराइडचे क्षार असतात आणि ते कातडीलाही सोडत नाहीत; घरात आणू नये. फेव्हिकॉलमध्ये चमचाभर पाणी घालून स्पंजच्या तुकड्याने टिपटिप ठोकत गेलं, की वाळल्यावर तशीच धुरकट साय धरते. आधी चिकटपट्टीचे आडवे-उभे तुकडे लावले आणि नंतर काढले, तर त्या जागी स्वच्छ काचेच्या खिडक्या राहतात. मात्र हा पॉट पुसायचा, धुवायचा नाही. फेव्हिकॉल पाण्याला वश होतो.

आतून रंग ओतून पॉट गरागरा फिरवण्याचीही टूम आहे. बाहेरून ते गुळगुळीत, फार देखणं दिसतं. पण आत पाणी घातलं की महिन्याभरात पापुद्रे सुटतात. कागदाची फुलं ठेवणार असाल तरच करा. काचेच्या पाठीमागून चित्र काढण्याची जुनी कला आपल्याकडे आहे, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं पाहायला मिळतात. तिथे सगळा क्रम उलटा: डोळ्यातली बाहुली आणि नथीचा मोती आधी, चेहरा नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. ते सपाट काचेवर जमतं. अरुंद तोंडाच्या पॉटमध्ये कोण हात घालणार?

बाहेरून रंगवलेल्या गोल पॉटमध्ये पाणी भरलं की एक गंमत होते, ती काकूंनी मला दाखवली. पाण्याचा तो गोल खांब भिंगाचं काम करतो. मागच्या भिंतीवरची नक्षी पुढून पाहिली तर उंची तेवढीच राहते, रुंदी मात्र जवळजवळ दुप्पट होते. बोटभर रुंदीचं पान केळीच्या पानाशी नातं सांगू लागतं. म्हणून काकू मागच्या शिवणीवर नुसती दांडी काढतात, फूल एकही नाही. पाणी भरलं, की पुढच्या नाजूक दांडीमागे तिची जाड, फिकट हिरवी सावली उभी राहते. रिकाम्या पॉटकडे बघून कुणाला याचा पत्ताही लागणार नाही.

शेवटचं काम ओव्हनचं, आणि तेही बाटलीवर भाजता येतो असं लिहिलेलं असेल तरच. पॉट थंड ओव्हनमध्ये ठेवायचा, मग बटण फिरवायचं. साधारण 150 ते 160 अंश, अर्धा-पाऊण तास, नेमकं काय ते बाटली सांगते. नंतर दार न उघडता आतच गार होऊ द्यायचा. वाळू, सोडा आणि चुन्याची ही साधी काच गरम झाली की प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, आणि स्वस्त पॉटची जाडी तर जागोजाग वेगळी. एक बाजू फुगली आणि दुसरी मागे राहिली की तडा गेलाच. मायक्रोवेव्ह यासाठी नाही. द्रावकातला रंग तर ओव्हनच्या आसपासही नेऊ नये, तो पेट घेतो.

भाजलेला रंग रोजच्या पाण्याला टिकतो. त्याचा खरा वैरी म्हणजे तारेची घासणी, त्यामुळे काकू तो पॉट भांडी घासायला टाकत नाहीत, स्वतःच धुतात. न भाजलेला बिघडला तर कोमट पाण्यात रात्रभर बुडवतात. सकाळी नखाने कड उचलली की अख्खं पान सुटून येतं, लायनरला ब्लेड लागतं. भाजल्यावर ही सोय संपते. म्हणून ओव्हन लावण्याआधी पॉट काही दिवस टीव्हीशेजारी उभा राहतो आणि येणारे-जाणारे काय बोलतात ते काकू ऐकून घेतात. मागच्या दिवाळीला एका पाहुण्यांनी तो उचलून उलटा-सुलटा केला आणि केवढ्याला घेतलात म्हणून विचारलं. काकूंनी सव्वाशे सांगितले. पाहुणे म्हणाले, महाग पडला.