तीन भाषांची अंगणवाडी, २६ दिवसांचे प्रशिक्षण

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणीत विड्या वळणाऱ्या घरातले तीन-चार वर्षांचे मूल अंगणवाडीत येते, तेव्हा बरेच काही शिकून आलेले असते. आईच्या मांडीवरचे सूप, कातरलेली पाने, दोऱ्याने बांधलेली साधारण २५ विड्यांची जुडी, हजार विड्यांमागे ठरणारी मजुरी, हे सगळे त्याने बसल्या जागी पाहिलेले असते. थोडे कशाला म्हणायचे आणि पुष्कळ कशाला, हे त्याला मराठीत कळते. शेजारी बसलेल्या मुलाला तेच कानडीत कळते आणि पलीकडच्या गल्लीतल्या मुलीला दखनी उर्दूत. या तिघांपुढे चिंचोके ओतायचे, त्यांचे ढीग करायला लावायचे आणि ‘कुठला ढीग मोठा?’ हे तिघांनाही उमगेल असे विचारायचे, हे सीमाभागातल्या अंगणवाडी कार्यकर्तीचे काम. ते जमायला केवळ माया पुरत नाही. त्यासाठी तालीम लागते, आणि ती तालीम अशाच तीन भाषांच्या वर्गात व्हायला हवी.

‘बारक्या पोरांना सांभाळायला कसले आले शिक्षण?’ हा आक्षेप जुना आहे. त्याला मराठी मुलखातच उत्तर मिळालेले आहे. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार आज अंगणवाडी या नावातच शिल्लक आहे. मॉन्टेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे आणि पाने ही साधने झाली. शिकवणाऱ्या बाईने आधी मुलांकडे नीट पाहायचे, मग शिकवायचे, अशी ती रीत होती. पाहण्याची ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, खऱ्या मुलांमध्ये राहूनच ती लागते.

आता सरकारी हिशेब पाहू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरचा. या योजनेत कार्यकर्तीच्या मूळ प्रशिक्षणासाठी कामाचे २६ दिवस धरले गेले. तेवढ्यात पोषण, लसीकरण, वजनाचे तक्ते, गरोदर बायकांच्या भेटी, नोंदवह्या आणि शिवाय बालशिक्षण! २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ आणले, त्यातले प्रशिक्षण तीन दिवसांचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र मोठी उडी घेतली: बारावी झालेल्या कार्यकर्तीला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. परंतु हे शिक्षण मुख्यतः दूरचित्रवाहिनी आणि मोबाइलवरून, प्रत्यक्ष वर्ग महिन्याला किमान एक. मोबाइलवर गाणे शिकता येते. रडत आलेल्या मुलाला कोणत्या भाषेत जवळ घ्यायचे, हे शिकायला समोर मूल लागते. म्हणून तो महिन्याचा एक दिवस व्याख्यानात न घालवता निपाणी, खानापूर, बेळगावच्या चालू अंगणवाड्यांतच काढावा.

भाषेचा मुद्दा निघाला की दोन्हीकडून हरकती येतात. राज्य कर्नाटकाचे, मुलांना पुढे कानडी लागणारच, मग सुरुवातीपासून कानडीच का नको, ही एक. कानडी लागणार हे खरेच. पण ज्या मुलाला वर-खाली, लहान-मोठे घरच्या भाषेत पक्के झाले आहे, त्याला तेच कानडीत सांगणे सोपे जाते. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, असे घटनेचे कलम ३५०-क सांगते. अंगणवाडी त्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. दुसरी हरकत आपल्या बाजूची: कर्नाटकाचा ‘चिलिपिली’ अभ्यासक्रम बाजूला ठेवून महाराष्ट्राचा ‘आकार’ इकडे आणावा. मग शेजारी बसलेल्या त्या कानडी मुलाने काय करायचे? २०२४ मध्ये चिक्कमगळूर जिल्ह्यात मुडिगेरे इथे कार्यकर्तीला उर्दू येण्याच्या अटीवरून गदारोळ झाला, तेव्हाही वाद भाषेच्या मानापमानाचा झाला आणि वर्गातल्या मुलाचा प्रश्न मागे पडला. या भागावरचा महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वर्षी अंगणवाडीत बसलेली मुले आज स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली. त्यामुळे निकालाची वाट पाहत प्रशिक्षण थांबवण्यात अर्थ नाही. मराठी कार्यकर्तीने दहा कानडी गाणी आणि कानडी कार्यकर्तीने दहा मराठी गाणी मुलांसमोर म्हणून दाखवावीत, एवढी साधी परीक्षासुद्धा बरेच काही साधेल.

खरा अडसर पैशाचा आणि कार्यकर्तीच्या दर्जाचा आहे. पालकांना एलकेजी हवी असते, आणि २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने शाळांतून एलकेजी-यूकेजीचे वर्ग वाढवायला घेतले तेव्हा मुले पळतील या धास्तीने कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्या. सरकारने मग बंगळुरात अंगणवाड्यांचीच ‘सरकारी मॉन्टेसरी’ करायला घेतली. महिला व बालविकास खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार आहेत, तेव्हा हा प्रयोग इकडे यायला वाट लांबची नाही. पाटी बदलणे सोपे असते. वर्षभर शिकून आलेल्या बाईचा दर्जा बदलणार का, हे सांगणे अवघड. कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अंगणवाडी कार्यकर्तीचे पद नागरी सेवेतले नाही असे ठरवले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. दरम्यान तिला जे मिळते ते आजही मानधनच म्हणवते. पदविका मिळवणाऱ्या कार्यकर्तीला वेतनश्रेणी देण्याचा निर्णय अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवसाआधी व्हायला हवा, नाहीतर पदविका हाती पडताच ती जवळच्या खासगी नर्सरीत अर्ज करील, आणि तिला त्याचा दोष देता येणार नाही.