घर घेतांना हंसावें केव्हां?

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या अनुभवांत घर बांधण्याचे कष्ट होते. घर विकत घेण्याचे नव्हते. बांधणारा गृहस्थ पायाच्या चरापासून कौलांच्या शेवटच्या ओळीपर्यंत गवंड्याच्या पाठीशीं उभा असे. चुना नीट मळला कीं नाहीं, तुळई सागाची कीं आंब्याची, हें तो डोळ्यांनीं पाही आणि हातानें चांचपी. आजच्या गृहस्थाच्या नशिबीं तें सुख नाहीं. तो घर पाहतो तें चित्रांत, किंमत देतो ती हप्त्यांनीं, आणि भिंती उभ्या राहतात त्या बहुधा त्याच्या दृष्टीआड. बांधणाऱ्याला जें ज्ञान डोळ्यांनीं मिळे, तें घेणाऱ्याला कागदांतून मिळवावें लागतें. आणि कागद वाचण्याचा कंटाळा हा तर आपल्या सुशिक्षित समाजाचा जुनाच दोष आहे.

हा दोष ओळखूनच कीं काय, घरांचा व्यापार आतां सुटीच्या दिवशीं भरभराटीस येतो. शनिवार-रविवारीं मोठ्या मैदानावर मंडप पडतो. मुलांसाठीं जादूचे खेळ, वडीलधाऱ्यांसाठीं जुन्या गाण्यांची मैफल, सर्वांसाठीं विनोदी एकपात्री प्रयोग, मोठ्या पडद्यावर एखादा बोलपट, आणि शेजारींच सुगंध शिंपडलेली नमुन्याची सदनिका. मंडळी पोट धरधरून हंसतात, आणि त्या हंसण्यानें मन सैल झालें असतां कोणीतरी हळूच कानाशीं येऊन सांगतो, “आजच नोंदणी केलीत तर सवलत, उद्यां भाव वाढणार!” घरच्या कर्त्या पुरुषानें तीस वर्षें जपून ठेवलेला पैसा ज्या निर्णयावर अवलंबून असतो, तो निर्णय असा दोन विनोदांच्या मध्यंतरांत होऊन जातो.

आमचा विनोदाशीं वाद नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, घर घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें एक सबंध शनिवार-रविवार बोलपट पाहण्यांत आणि हंसण्यांत अवश्य घालवावा; मात्र तो बिल्डरच्या मंडपांत नव्हे, स्वतःच्या ओटीवर, सासू-सुना, मुलें-नातवंडें अशा सर्वांनीं मिळून. घराच्या प्रश्नावर आपल्याकडे जे विनोदी व करुण बोलपट निघाले आहेत, त्यांत व्यवहाराचें जेवढें शिक्षण आहे तेवढें रंगीत माहितीपत्रकांत खचित नाहीं.

शनिवारीं दुपारीं आरंभ करावा तो राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ या सन १९७० च्या मराठी बोलपटानें. याच कथेवरून बासु चटर्जी यांनीं १९७२ सालीं ‘पिया का घर’ हा हिंदी बोलपट काढला. ऐसपैस घरांत वाढलेली मुलगी मुंबईच्या चिमुकल्या बिऱ्हाडांत सून होऊन येते, आणि माणसांनीं गजबजलेल्या त्या जागेंत नवविवाहितांना दोन शब्द एकांतांत बोलणें दुर्लभ होतें. आपण हंसतों, पण त्या हंसण्यांत ‘जागा किती?’ हा प्रश्न दडलेला आहे.

आज याच प्रश्नाचें उत्तर देतांना सर्वांत अधिक घोटाळा होतो. जिना, उद्वाहक, प्रवेशदालन यांचा वांटा मिसळून फुगवलेलें क्षेत्रफळ बोलण्यांत येतें. राहावयास मिळतें तें निराळेंच. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘रेरा’ म्हणतात त्यानें, ‘चटई क्षेत्र’ या शब्दाचा अर्थ कायमचा ठरवून दिला आहे. सदनिकेच्या आंतील वापरावयाची जागा व आंतल्या दुभाजक भिंती त्यांत धरतात. बाहेरच्या भिंती, नळ-वायूंच्या मोकळ्या पोकळ्या, आणि त्या सदनिकेचीच असलेली बाल्कनी व गच्ची हीं त्यांत धरीत नाहींत. करारांत क्षेत्र चौरस मीटरमध्यें लिहिलेलें असतें. एक चौरस मीटर म्हणजे सुमारें १०.७६ चौरस फूट. यावरून ५५ चौरस मीटरचें घर ५९२ चौरस फुटांचें होतें. जाहिरातींत तेंच आठशें फुटांचें म्हणून मिरवत असेल तर आश्चर्य मानूं नये. मुलांच्या हातीं फीत द्यावी, आपल्या राहत्या खोल्या मोजून घ्याव्या, आणि मग त्या ५९२ फुटांत देवघर कोठें, आजीचा पलंग कोठें, हें कागदावर मांडून पहावें. गणिताचा याहून चांगला पाठ मुलांना मिळणार नाहीं.

त्याच रात्रीं ‘अशी ही बनवाबनवी’ लावावा. सचिन पिळगांवकर यांनीं दिग्दर्शित केलेला हा १९८८ चा बोलपट पाहिला नाहीं असें मराठी घर विरळा. याचें मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ मध्यें आहे. पुण्यांत जागा मिळेना, आणि मालकीणबाई तर जोडप्यांनाच जागा देणार. म्हणून दोघा मित्रांना लुगडीं नेसून बायका व्हावें लागतें. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांवपळ पाहून हंसूं आवरत नाहीं. परंतु भाडेकरूची लाचारी ही त्या विनोदाच्या मुळाशीं आहे, आणि हीच लाचारी अनेकांना घाईनें घर घ्यावयास लावते. येथें एक विवेक हवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यान्वयें जागा वापरण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणें बंधनकारक आहे. असा करार करून वर्ष-दोन वर्षें भाड्यानें राहण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. ज्या भागांत घर घ्यावयाचें, तेथें आधीं भाड्यानें राहून पाहिलें तर पाणी किती वेळ येतें, पावसांत रस्ता कसा होतो, आणि घरच्या वृद्धांना दवाखाना किती लांब पडतो, हें कोणत्याही माहितीपत्रकावांचून समजतें.

रविवारीं सकाळचीं कामें उरकल्यावर ‘खोसला का घोसला’ पहावा. दिबाकर बॅनर्जी यांचा हा बोलपट २००६ सालचा असून उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला आहे. दिल्लीचा एक मध्यमवर्गीय गृहस्थ, अनुपम खेर, आयुष्याची पुंजी घालून जमिनीचा तुकडा घेतो. आणि एके दिवशीं पाहतो तों त्यावर दुसऱ्याचीच भिंत उभी! भूखंड बळकावणारा खुराणा, बोमन इराणी, तो सोडण्यासाठीं त्याच्याचकडे पैसे मागतो. पुढें गृहस्थाचीं मुलें एका नाटकमंडळीस हाताशीं धरून खुराणाला खोट्या जमिनीचा सौदा दाखवितात, आणि त्याच्याच पैशानें त्याचें तोंड बंद करतात. पडद्यावर हें फार गोड वाटतें. प्रत्यक्षांत ही युक्ति करणारास तुरुंगाची वाट धरावी लागेल. म्हणून नाटकमंडळी शोधण्याची वेळ येण्यापूर्वींच वकील शोधावा.

त्या वकिलानें काय पहावयाचें? गांवच्या जमिनीचा सातबारा, शहरांतील जागेची मिळकतपत्रिका, दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध, जमिनीवर कोणा बँकेचा बोजा आहे काय, बांधकामाची परवानगी आहे काय, आणि इमारत पुरी झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मिळालें आहे काय. महाराष्ट्रांत १ मे २०१७ पासून महारेरा हें प्राधिकरण काम करीत आहे. पांचशें चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची तेथें नोंदणी झाल्याखेरीज त्याची विक्रीच काय, जाहिरातही करतां येत नाहीं. नोंदणीचा क्रमांक जाहिरातीवर असावाच लागतो. तो क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर नातवानें पांच मिनिटें खर्च केलीं, तर परवानग्या, कज्जे आणि घर पुरें करण्याची कबूल केलेली तारीख हीं सर्व आजोबांना घरबसल्या वाचतां येतात.

रविवारीं सायंकाळीं मात्र हंसण्याचा बेत थोडा बाजूस ठेवून भीमसेन यांचा १९७७ चा ‘घरौंदा’ पहावा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांनीं उभे केलेले ते दोघे तरुण मुंबईंत संसार मांडावयाचा म्हणून पै-पै जमवितात. पैसे भरतात, आणि बिल्डर तें सर्व घेऊन नाहींसा होतो. घर जातें, आणि घराच्या पाठोपाठ त्यांच्या प्रेमांतील सरळपणाही जातो. तरुण आपल्या प्रेयसीस आजारी धनिकाशीं लग्न करण्याची सूचना करण्याइतका खालीं उतरतो. तो धनिक डॉ. श्रीराम लागू यांनीं रंगविला आहे. फसवणुकीनें केवळ पैसा जात नाहीं, माणसें बदलतात, हें या बोलपटाचें सार प्रत्येक कुटुंबानें मनांत धरावें.

तो बोलपट निघाला तेव्हां महाराष्ट्रांत सदनिकांच्या मालकीचा १९६३ चा कायदा अस्तित्वांत होता, तरीही लोक फसत होते. आजचा कायदा अधिक कडक आहे. नोंदणीकृत करार केल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के निराळ्या खात्यांत ठेवून ते त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठीं वापरावे लागतात. ठरल्या तारखेस घर न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागतां येतात, किंवा घर हवेंच असेल तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचें व्याज मिळतें. ताबा घेतल्यापासून पांच वर्षांत बांधकामांतील दोष दिसल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणें बिल्डरवर बंधनकारक आहे. आणि त्या सुगंधी सदनिकेविषयीं तर कायदा स्पष्टच आहे: जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुन्याची सदनिका यांतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचें नुकसान झालें, तर तो भरपाई मागूं शकतो. यासाठीं माहितीपत्रक रद्दींत न टाकतां कपाटांत जपून ठेवावें. पण लक्षांत असावें कीं, कायदा हा फिर्याद करणाराच्या कामाचा. आणि फिर्यादींत वर्षें जातात. घरांत सत्तरीचें माणूस असेल तर तीं वर्षें त्याच्याजवळ असतीलच असें नाहीं.

आतां कर्जाविषयीं. समजा, पन्नास लक्ष रुपये साडेआठ टक्के दरानें वीस वर्षांसाठीं घेतले, तर मासिक हप्ता सुमारें ४३,३९१ रुपये येतो, आणि एकूण फेड होते ती १ कोटी ४ लक्षांच्या वर. म्हणजे मुद्दलाहून व्याजच अधिक. दर बदलता असेल तर तो वाढतांच पूर्वीं बँका बहुधा मुदत लांबवीत, आणि कर्जदाराला त्याचा पत्ता नसे. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें बँकांना बजावलें कीं, दर वाढल्याचें कर्जदारास कळवावें, आणि हप्ता वाढवावा कीं मुदत, याची निवड त्यास द्यावी. शिवाय व्यक्तीनें घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीपूर्वीं फेड केली, तर बँकेला दंड आकारतां येत नाहीं. सणावारीं मिळणारी जादा रक्कम मुद्दलांत भरणें हें म्हणून शहाणपणाचें.

एकत्र कुटुंबांत याहून नाजूक प्रश्न असतो. बाप आपला भविष्यनिर्वाह निधि मुलाच्या घरांत ओततो, आणि करारावर नांव असतें एकट्या मुलाचें. प्रेमापुढें नांवाचें काय, असें म्हणावयास गोड वाटतें. पण प्रेम टिकावें म्हणूनच नांव असावें. ज्याचा पैसा त्याचें नांव, आणि घर चालविणाऱ्या सुनेचेंही नांव, असा दस्त केला तर पुढें भावाभावांत आणि सासू-सुनांत संशयास जागा राहत नाहीं. राहती जागा विकून नवी घेणार असाल, तर नव्या घराच्या किल्ल्या हातीं येण्यापूर्वीं जुनी खालीं करूं नये. आणि वृद्धांनीं आपल्या पुंजीचा कांहीं भाग हातचा राखावा. तो स्वार्थ नव्हे. आजारपणांत मुलापुढें हात न पसरणें हा मुलावरचाच उपकार आहे.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ या सर्वांच्या शेवटीं, रविवारीं रात्रीं, घरांतील कोणीं तरी मोठ्यानें वाचावी. पानोपानीं हंसविणारें तें पुस्तक संपतें तें चिंतनानें, आणि चाळीबरोबर काय नाहींसें होत आहे याची हुरहूर लावून जातें. नव्या घरांत दोन न्हाणीघरें मिळतील, पण वेळीं-अवेळीं हांक मारतां येईल असा शेजार मिळेल कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याही करारांत लिहिलेला नसतो. तो घरच्या बायकांनीं विचारावा. त्यांना उत्तर लौकर सांपडतें. नियोजित इमारतींत कोणी राहावयास आलें असल्यास एखाद्या दुपारीं जाऊन त्यांच्याशीं बोलावें. उंबऱ्यावर मिळालेली माहिती मंडपांतील भाषणापेक्षां खरी असते.

असा शनिवार-रविवार हंसण्यांत व बोलण्यांत गेला, म्हणजे सोमवारीं कोणीही धनादेश लिहूं नये. कागद वकिलाकडे द्यावे, आठ-पंधरा दिवस जाऊं द्यावे, आणि त्या मुदतींत ‘सवलत गेली’ असा निरोप आला तरी खुशाल येऊं द्यावा. योग्य घर पंधरा दिवसांत पळून जात नाहीं. पळून जातात ते दुसरेच. पुढें सर्व कागद जुळले, घर पुरें झालें, भोगवटा प्रमाणपत्र हातीं आलें, म्हणजे वास्तुशांतीच्या सायंकाळीं आप्तेष्टांना बोलवावें, पडदा लावावा, आणि तोच ‘बनवाबनवी’ पुन्हां एकदां पहावा. त्या दिवशीं आपल्या भिंतींच्या आंत कोणीही कितीही मोठ्यानें हंसलें, तरी त्याचा खर्च येत नाहीं.